त्याचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून

'फॅमिली' हा शब्द कुणी मोठ्यानं म्हणालं की मला हल्ली मळमळतं. खरंच सांगते. परवा मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष माइकवर म्हणाले, 'वी आर वन बिग फॅमिली', आणि हातातला मोदक मी तसाच ताटात ठेवला. बिचाऱ्या अध्यक्षांचा काही दोष नाही. तो शब्द माझ्यासाठी दुसऱ्याच माणसानं नासवून ठेवलाय.

तो माणूस म्हणजे आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा कोच. आमच्या म्हणजे मी जिथे नोकरी करते त्या, अमेरिकेत आम्ही राहतो त्या नोव्हाय गावापासून गाडीनं पाऊण तासावरच्या एका लहानशा कॉलेजचा. रजिस्ट्रारच्या ऑफिसात खिडकीजवळचं टेबल माझं. काम एकच. दुसऱ्या कॉलेजातून आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या मार्कशीट तपासायच्या, आणि तिकडे शिकलेल्यातलं इथे काय चालेल, काय नाही, ते ठरवायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण चौदा वर्षं मी ते आवडीनं केलं.

आवडीचं कारण आहे. मी नागपूरची बी.कॉम. लग्न करून इथे आले तेव्हा अशाच एका टेबलासमोर माझ्या मार्कशीट घेऊन बसले होते. पलीकडची बाई गोड हसून म्हणाली, 'सगळं चालेल.' चाललं की! सगळं 'इलेक्टिव्ह' म्हणून चाललं. म्हणजे मोजलं गेलं आणि कशाच्याही उपयोगी पडलं नाही. हे मला दीड वर्षानं कळलं. अर्धी पदवी पुन्हा केली, तीही सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. म्हणून ही नोकरी लागली तेव्हाच कानाला खडा लावला होता, की माझ्यासमोर बसलेल्या पोराला मी खरं काय ते सांगणार, गोड लागो की कडू.

तर हा कोच. याच्या आधीचा म्हातारा होता. आसपासच्या शाळांतली पोरं घ्यायचा, चार-चार वर्षं खेळवायचा, आणि निम्म्या मॅच हरायचा. चौथ्या वर्षाच्या शेवटच्या मॅचला पोरांच्या आया फुलं घेऊन कोर्टवर यायच्या, पोरं त्यांच्या गळ्यात पडून रडायची. कॉलेजच्या वरच्या लोकांना रडणं नको होतं, जिंकणं हवं होतं. त्यांनी म्हाताऱ्याला निरोप दिला आणि याला आणलं. दात पांढरेशुभ्र, हात मिळवताना नजर तुमच्या खांद्यावरून पुढच्या माणसावर.

आल्या आल्या त्यानं आम्हा ऑफिसवाल्यांना नाश्त्याला बोलावलं. म्हणाला, शाळेतून आलेलं पोर तयार व्हायला तीन वर्षं लागतात, आणि मला तीन वर्षं कोण देतंय? मी तयार माणसं आणतो. पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला वर्षभर नुसतं बसून राहावं लागायचं. आता तसं नाही. पोर्टल म्हणून एक यादी असते. सीझन संपला की त्यात नाव टाकायचं आणि ज्याला हवं त्यानं उचलायचं. दुसऱ्यांनी पोरं वाढवायची आणि यानं खेळवायची. आयत्या बिळावर नागोबा! हे सगळं सांगून तो म्हणाला, 'बट फर्स्ट, वी आर अ फॅमिली.' सगळे हसले. मीही हसले, ते आठवलं की आज माझीच मला शिसारी येते.

त्या वसंतात जुन्या बारा पोरांतली आठ गेली. गेली म्हणजे घालवली. एकेकाला बोलावून सांगायचं, 'इथे तुझ्यासाठी खेळायची मिनिटं नाहीत, पोर्टलमध्ये नाव टाक.' त्यातला एक आमच्याच गावातला, केमिस्ट्रीत हुशार. तो माझ्याकडे ट्रान्स्क्रिप्ट मागायला आला तेव्हा त्याला 'का चाललास' विचारायची सोय नव्हती, पोर माझ्याकडे न बघता फॉर्म भरत होतं. आणि त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर नऊ नव्या पोरांच्या फायली येऊन पडल्या. जिमच्या वाटेवर टीमचा मोठा फोटो असतो. फ्रेम तीच ठेवली, आतला फोटो बदलला. चार ओळखीचे चेहरे, बाकी सगळे नवे. सगळ्यांच्या छातीवर छापलेलं, 'फॅमिली'.

त्या नवांतला एक म्हणजे ज्याच्यासाठी मी हे लिहिते आहे तो.

दार वाकून पार करावं लागेल इतका उंच. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला तर गुडघे टेबलाला लागले आणि माझा पेनांचा मग कलंडला. पेनं गोळा करत चारदा सॉरी म्हणाला. पाच वर्षांत हे त्याचं चौथं कॉलेज. टेबलावरची माझ्या नावाची पाटी त्यानं वाचून बघितली, अडखळला, आणि विचारलं, हे कसं म्हणायचं? चौदा वर्षांत मला हे फार कमी जणांनी विचारलंय. बाकीचे पहिलं अक्षर घेऊन मोकळे होतात. आमच्या आडनावात ळ आहे. माझ्या स्वतःच्या लेकीला तो धड येत नाही. या पोरानं जीभ मागे वळवून दहा वेळा म्हणून बघितला, स्वतःच हसला, आणि पुढच्या वेळी आला तेव्हा दारातूनच माझं नाव ळसकट म्हणाला. मी खूश होऊन ड्रॉवरमधला चिवडा काढला. मग तो येईल त्या दिवशी चिवडा ठरलेलाच. शेंगदाणे वेचून आधी खायचा.

त्याला गणिताचा शिक्षक व्हायचं होतं. सहावी-सातवीच्या पोरांना शिकवायचं होतं. त्याची आई त्यांच्या गावात शाळेची बस चालवते. तिच्या मनात एकच, याच शाळेत आपला पोरगा शिकवतोय आणि आपण बसमधून पोरं आणून त्याच्या दारात सोडतोय. हे त्यानं मला लाजत सांगितलं. गणित खरंच येत होतं त्याला. मी कॅल्क्युलेटरवर त्याच्या क्रेडिटची, म्हणजे दर विषयामागे पदवीच्या खात्यात जमा होणाऱ्या आकड्यांची, बेरीज करत होते, त्यानं उलट्या बाजूनं कागद बघून तोंडी बेरीज सांगितली, आणि माझीच चुकली होती.

बेरीज मोठी होती. पण त्या मार्कशीटमध्ये काय होतं म्हणता? सायकॉलॉजीची ओळख. सोशिऑलॉजीची ओळख. कम्युनिकेशनची ओळख, दोनदा. दर कॉलेजनं त्याला प्रॅक्टिसच्या वेळेत बसतील ते सोपे विषय दिले, आणि पुढच्या कॉलेजनं पुन्हा पहिल्या पायरीवर उभं केलं. पाच वर्षं त्या पोराची नुसती ओळखच करून देत होते, शिकवलं कुणीच नाही. शी! मास्तरकीचे म्हणून जे चार-पाच विषय त्यानं पहिल्या दोन कॉलेजांत केले होते, त्यातले इथल्या मास्तरकीच्या पदवीला जेमतेम दोन चालत होते.

आणि इथेच गाडं अडलं. नियम असा, की जी पदवी घेतोस तिचा ठरावीक हिस्सा पूर्ण झाला असेल तरच खेळता येतं. मास्तरकी धरली तर त्याचा हिस्सा अगदीच तोकडा. खेळणं बंद. आणि हे त्याचं खेळायचं शेवटचं वर्ष होतं.

शुक्रवारी दुपारी खेळाडूंची सल्लागार, नखांना कोचच्या टीमचा रंग लावलेली एक हसरी बाई, फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आली. त्याची पदवी बदलायची, 'जनरल स्टडीज' करायची. त्यात काहीही चालतं, फ्रिजमधलं उरलंसुरलं सगळं एका कढईत. सगळे क्रेडिट धरले जातात, हिस्सा पूर्ण होतो, पोरगं सोमवारी प्रॅक्टिसला उभं. त्याची सही तिनं आधीच आणली होती. दहा कागदांवर एकदम घेतली असणार, मी त्यांची पद्धत ओळखते. आता माझी हवी होती. आणि सहीच्या वर एक चौकोन, ज्यात खूण करायची: 'विद्यार्थ्याला परिणाम समजावून सांगितले.'

परिणाम मला पाठ होते. मास्तरकी गेली, ती पुन्हा धरायची तर जवळजवळ पहिल्यापासून. आणि जनरल स्टडीजची पदवीसुद्धा वर्षात हाती लागणार नव्हती, कारण तिलाही वरच्या वर्गांचे विषय लागतात आणि याच्याकडे सगळ्या ओळखीच. हे क्रेडिट खेळायला पुरत होते, पदवीला नाही. दोन्ही आकडे माझ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी होते.

पोरगं बाहेर बाकावर बसलं होतं. मी त्याला आत बोलवायला हवं होतं. दार लावून, खुर्चीत बसवून, एकेक सांगायला हवं होतं. वीस मिनिटांचं काम. आणि मी काय केलं?

आमच्या घरात वर्ष वाया जाणं म्हणजे काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल, तुमच्याही घरात तेच असेल. माझा मोठा भाऊ बारावीत नापास झाला तेव्हा बाबा सहा महिने कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. कुणी विचारलं तर आई सांगायची, त्याला कावीळ झाली होती. टायफॉइड चालेल, हात मोडलेला चालेल, पण वर्ष वाया जाता कामा नये. ती धास्ती माझ्या हाडांत आहे, इतकी वर्षं इथे राहूनही. बाकावर बसलेलं ते पोर बघून माझ्या डोक्यात एवढंच वाजलं, की पोराचं वर्ष वाया जाईल. कुठलं वर्ष? खेळायचं! त्या एका वर्षासाठी पुढची किती जातील, हा हिशेब ज्या बाईला पगार देऊन करायला बसवलंय तिला सुचला नाही. सुचला नाही तरी कसं म्हणू? सुचला, आणि मी मूग गिळून गप्प बसले. चौकोनात खूण केली, सही केली, आणि बाहेर जाऊन त्याला म्हणाले, 'डोन्ट वरी, यू वोन्ट लूज युवर इअर.' त्यानं उभं राहून माझा हात दोन्ही हातांत धरला.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक पाकीट आलं. पहिल्या मॅचची दोन तिकिटं, खेळाडूंच्या बाकामागची जागा, आणि कोचच्या अक्षरात, 'वेलकम टू द फॅमिली.' त्यानं ती चिठ्ठी कितव्यांदा लिहिली असेल देव जाणे, माझं नाव त्यातही चुकीचं होतं.

आमच्या ह्यांना तर आकाश ठेंगणं झालं. हे मोटारीच्या पार्ट्सच्या कंपनीत इंजिनिअर, बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टीम जिंकायला लागली तसा त्यांनी टीमचा स्वेटशर्ट घेतला. पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, जिथे तिथे, 'आमच्या हिच्या कॉलेजची टीम.' मी एकदा चिडून सांगितलं, काय चाललंय ते. तर म्हणतात, 'अगं, सगळीकडे असंच असतं. मी नाही का तीन कंपन्या बदलल्या?'

'अहो, तुम्ही बदलल्यात तेव्हा तुमची डिग्री तुमच्याजवळ होती,' मी म्हटलं. 'त्या पोराच्या हातात काय आहे?' त्यावर ते म्हणाले, 'मग तू सही का केलीस?' आणि मी भांडी घासायला उठले.

मॅचला मी एकदाच गेले. पोरगं सुरेख खेळलं, खोटं कशाला बोलू. पण माझं लक्ष कोचकडे होतं. बास्केट पडली की छातीवर मूठ आपटायचा, आणि एका चुकीनंतर त्यानं याला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर असा काही बोलला की आमच्या घरी कुत्र्याला असं बोलत नाहीत. पोरगं मान खाली घालून टॉवेल खांद्यावर टाकून बसलं. मध्यंतरात माझ्याकडे वळून हसलं. ह्यांनी अंगठा दाखवला. मी पॉपकॉर्नचा डबा ह्यांच्या मांडीवर ठेवला.

टीमनं त्या वर्षी खूप मॅच जिंकल्या. मार्चमध्ये शेवटच्या स्पर्धेतून बाहेर पडली. कोर्टवर फुलं घेऊन येणाऱ्या आयांचा कार्यक्रम झालाच नाही, कारण इथे चार वर्षं काढलेलं असं कुणी उरलंच नव्हतं, शेवटच्या वर्षातले सगळे पाहुणे. शेवटच्या मॅचनंतरच्या सोमवारी मी जिमच्या वाटेनं जात होते, तर लॉकरवरच्या नावांच्या पट्ट्या सोलून काढलेल्या. हा पोरगा काळ्या कचऱ्याच्या पिशवीत बूट भरत होता. मी विचारलं, कोच भेटला का? म्हणाला, 'ही इज बिझी, मॅम. पोर्टल ओपन झालंय.' त्याला राग आलेला नव्हता. मला आला होता. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! आणि त्या आठवड्यात माझ्या टेबलावर पुन्हा फायलींचा गठ्ठा.

एप्रिलमध्ये एका सकाळी दारात माझं नाव ऐकू आलं, ळसकट. मान वर केली तर तो, आणि त्याच्या दंडापर्यंत येणारी एक बाई. बस चालवणाऱ्या माणसांची असते तशी ताठ पाठ, केस चापून बांधलेले, चर्चला जातानाचा असावा असा निळा ड्रेस. त्याची आई. सुट्टी टाकून चार तास गाडी चालवून आली होती. पदवीदानाचा गाऊन मागवायचा फॉर्म त्याच्या हातात होता. एवढ्या उंचीचा गाऊन मिळतो का, खास शिवून घ्यावा लागतो का, हे तिला विचारायचं होतं.

मी दोघांना बसवलं; माझ्या नावाची पाटी नव्या फायलींच्या गठ्ठ्याआड गेली होती. दार लावलं. आठ महिन्यांपूर्वी लावायला हवं होतं ते दार.

सांगितलं. वरच्या वर्गांचे विषय नाहीत, त्यामुळे या मेमध्ये पदवी नाही. अजून तीन सेमिस्टर लागतील. आणि मास्तरकी हवी असेल तर त्याहून बरंच जास्त, आणि तेही आता टीमशिवाय, स्वतःच्या बळावर. तो म्हणाला, 'पण माझे क्रेडिट तर भरपूर आहेत,' आणि आकडा सांगितला. आकडा बरोबर होता. त्याचे आकडे कधीच चुकत नसत. मी म्हटलं, हो, पण ते सगळे चालणारे नाहीत. हे वाक्य मी माझ्या मार्कशीटसाठी त्या दीड वर्षानंतर ऐकलं होतं, शब्द न् शब्द तेच.

त्याच्या आईनं गाऊनचा फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. तिनं आवाज चढवला नाही. उलट टेबलावरून हात पुढे करून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, 'थँक यू. चार कॉलेजं झाली. खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच.'

मी तो हात तसाच राहू दिला. काय माणूस आहे मी! तो कोच निदान उघड उघड बाजार मांडून बसला होता. मी चिवडा देत होते.

मग ती म्हणाली, 'मला एवढंच कळू दे, याला मास्तरकीतून काढलं कुणी? त्यानं तर मागितलं नव्हतं.' कायद्यानं तिच्या पोराचा कागद त्याला दाखवता येतो. मी एका हातानं माउस हलवला, फॉर्म उघडला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तिनं चष्मा लावला. चौकोनातली खूण तिनं वाचली, 'परिणाम समजावून सांगितले', आणि पोराकडे बघितलं. 'तुला सांगितलं होतं कुणी?' तिनं दुसऱ्या हाताचं बोट सहीखालच्या छापील नावावर ठेवलं आणि अक्षरं जोडत बसली. पहिलं अक्षर झालं, पुढे गाडी जाईना.

'मला या माणसाला भेटायचंय,' ती मला म्हणाली. 'हे नाव म्हणायचं तरी कसं?'

मी तोंड उघडलं. माझ्याआधी तोच बोलला. गुडघे टेबलाला टेकलेले, नजर खाली. त्यानं माझं नाव सांगितलं, आडनावासकट, हळूहळू, मी शिकवलं होतं तसं. ळ अगदी बरोबर आला.

तिनं माझ्या हातावरचा हात काढून घेतला.